डॉ. आनंदीबाई जोशी

आपल्या कर्जत-खालापूरकरांस मुंबईला जाताना वाटेत लागणारे कल्याण हे आनंदीबाईंचे माहेर. जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी पोस्टखात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. चौदाव्या वर्षी पुत्र झाला, तो अवघे दहा दिवस जगला. त्या काळी स्त्रिया पुरुष वैद्यापुढे दुखणे सांगण्यासही संकोचत, आणि स्त्री-डॉक्टर आपल्याकडे नव्हतीच. असे दुःख आपल्याही घरांतील कित्येक आज्यांनी मुकाट्याने गिळले असेल.

१८८३ साली त्या पतीवाचून अमेरिकेस गेल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची एम. डी. पदवी त्यांनी मिळविली. प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र! ही निवड त्या दहा दिवसांनीच केली, असे मला वाटते. आज बाळ जन्मताच नर्सबाई त्याचा श्वास, रंग व वजन पाहते, त्याला उबेत ठेवते, आईचे दूध तासाभरात पाजविते. यांतले काय त्या बाळाच्या वाट्यास आले असेल?

कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्री-विभागावर त्यांची नेमणूक झाली. परंतु क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास, बाविसावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी अमेरिकेतील स्नेही कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या. पकीप्सी गावच्या दफनभूमीत त्यांच्या नावाची शिळा आहे.