भिंगवाले मेरिक मास्तर

दिव्याभोवती घिरट्या घालणारा नखाएवढा पतंग तुम्ही हातानं उडवून लावता ना? एडवर्ड मेरिक यांनी अशाच पतंगांपायी आयुष्य घातलं. जन्म १८५४ चा, इंग्लंडमधला. नोकरी शाळेत लॅटिन-ग्रीक शिकवण्याची. उरलेल्या वेळात जगभरातून, अगदी भारतातूनही आलेले इवलेसे पतंग साध्या भिंगाखाली धरायचे आणि पंखांवरच्या शिरा बघून जात ठरवायची. १९३८ मध्ये ते गेले, तोवर १४ हजारांहून जास्त जातींना त्यांनी नावं दिली होती!

एक हट्ट मात्र नडला. पंख सारखे दिसले तरी जननेंद्रियांची रचना जातीगणिक वेगळी असू शकते. ती तपासायची नवी पद्धत त्यांनी मानलीच नाही. मग त्यांच्या कितीतरी नोंदी पुढच्यांना पुन्हा तपासाव्या लागल्या.

म्हणून काम वाया गेलं असं समजू नका. १९१७ मध्ये त्यांनी दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशातला एक पतंग नोंदवला. त्याची अळी टोमॅटोची पानं आणि फळं पोखरते. २०१४ मध्ये ती महाराष्ट्रातल्या टोमॅटोवर सापडली, तेव्हा तिची ओळख कागदावर तयार होती. आज तिला टुटा म्हणतात. पण ‘टुटा अ‍ॅब्सोल्यूटा’ या नावातला दुसरा शब्द मेरिक मास्तरांचाच!