भास्कराचार्यांची घटिका आणि माझं घड्याळ

गेल्या उन्हाळ्यात माझा मामेभाऊ जपानहून आला आणि त्याने मला एक मनगटी घड्याळ दिलं. साधंसुधं नाही बरं का! प्रकाशावर चालणारं, म्हणजे सेल बदलायची कटकट नाही. वर रोज रात्री रेडिओलहरींवरून आपली वेळ आपणच जुळवून घेणारं. उन्हाची तर आपल्या वाडीत कधीच टंचाई नसते, त्यामुळे चार्जिंगचा प्रश्न मिटला. होस्टेलवर महिनाभर माझा भाव वधारला होता. कुणी वेळ विचारली की मी सेकंदासकट सांगायचो. मित्रांनी माझं नावच ‘अ‍ॅटॉमिक’ ठेवलं.

डिसेंबरमध्ये एका नोकरीची लेखी परीक्षा होती. हॉलचं दार साडेनऊला बंद होणार होतं. आम्ही दोघं मित्र बाहेर टपरीवर चहा घेत होतो. तो चल चल म्हणून मागे लागला, मी त्याला मनगट दाखवलं आणि उरलेला चहा आरामात संपवला. तो पुढे निघून गेला आणि आत पोचला. मी दारापाशी गेलो तेव्हा दार बंद. माझ्या घड्याळात अजून एक मिनिट बाकी होतं! खूप विनवण्या केल्या, पण दार उघडलं नाही. त्यांचं काही चुकलंही नव्हतं. माझंच घड्याळ दीड मिनिट मागे होतं.

रूमवर येऊन पहिल्यांदा त्या घड्याळाचं माहितीपत्रक नीट वाचलं. (आपण इंजिनिअर लोक हे काम नेहमी शेवटी करतो!) जपानमध्ये 40 आणि 60 किलोहर्ट्झवर वेळेचे संकेत प्रसारित होतात. जर्मनीत 77.5 वर, इंग्लंड-अमेरिकेत 60 वर, चीनमध्ये 68.5 वर. भारतात अशा घड्याळांना ऐकू येईल असं एकही केंद्र नाही. दिल्लीहून पूर्वी वेळेचा संकेत प्रसारित व्हायचा, पण तो शॉर्टवेव्हवर, या घड्याळाच्या कामाचा नाही. म्हणजे माझं घड्याळ वाडीत रोज रात्री कान देऊन बसायचं, काहीच ऐकू यायचं नाही, आणि मग बिचारं साध्या क्वार्ट्झ घड्याळासारखं चालायचं. क्वार्ट्झ म्हटलं की महिन्याला पंधरा सेकंदांपर्यंत फरक पडू शकतो. सहा महिन्यांचे दीड मिनिट. हिशोब बरोबर जुळला, नोकरी मात्र गेली.

असो. त्याच आठवड्यात मराठी विभागासाठी कुणातरी थोर व्यक्तीवर लेख लिही, असं सरांनी सांगितलं होतं. मी लायब्ररीतून भास्कराचार्यांवरचं पुस्तक आणलं. लीलावती, गणित वगैरे चार ओळी लिहून मोकळं व्हायचं असा बेत होता. पण वाचता वाचता लक्षात आलं, की माझी चूक होऊ नये याचा उपाय या माणसाने पावणेनऊशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवला आहे. म्हणून हा लेख जरा लांबला, माफ करा.

भास्कराचार्यांचा जन्म शके 1036 मधला, म्हणजे इ.स. 1114. हे साल त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात दिलंय, त्यामुळे त्यावर वाद नाही. गावाचं नावही दिलंय, सह्याद्रीच्या आश्रयाला असलेलं विज्जडविड. ते नेमकं कुठलं यावर मात्र विद्वानांचं एकमत नाही. आपल्याकडचे बरेच अभ्यासक चाळीसगावजवळचं पाटण म्हणतात. नागपूरहून रेल्वेने मुंबईला जाताना भुसावळ, जळगाव मागे पडलं की चाळीसगाव लागतं. तिथून डोंगराच्या पायथ्याशी गेलं की पाटणादेवीचा परिसर येतो. आपल्यापैकी कितीतरी जण सुट्टीत त्या स्टेशनवरून जातात, पण खिडकीतून कुणी त्या डोंगराकडे या दृष्टीने पाहत नाही.

त्यांचे वडील महेश्वर हे स्वतः मोठे ज्योतिषी होते आणि तेच भास्करांचे गुरू. घरातच शाळा, घरातच प्रयोगशाळा! वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ.स. 1150 मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. त्याचे चार भाग मानतात : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. नुसते श्लोक लिहून ते थांबले नाहीत. कुठली गोष्ट कशावरून आली, हे सांगणारी टीकाही त्यांनी स्वतःच लिहिली. म्हणजे टेक्स्टबुक आणि गाइड एकाच लेखकाचं, आणि गाइडमध्ये उत्तरं नाहीत तर कारणं!

त्यांच्या गणिताची झेप किती होती याचा एकच नमुना सांगतो. एका पूर्ण वर्गसंख्येला 61 ने गुणून 1 मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्ग यावा, अशी संख्या शोधायची. दिसायला सोपं वाटतं. पण सगळ्यात लहान उत्तर आहे 226153980, आणि येणाऱ्या वर्गाचं मूळ आहे 1766319049. हे उत्तर भास्कराचार्यांनी चक्रवाल पद्धतीने काढून दाखवलं. हेच कोडं फ्रान्सच्या फर्माने युरोपातल्या गणितज्ञांना घातलं ते 1657 मध्ये, पाचशे वर्षांनी. ग्रहाची एका दिवसाची सरासरी गती वेगळी आणि त्या क्षणाची गती वेगळी, हेही त्यांनी स्पष्ट मांडलंय. फर्स्ट इयरला डेरिव्हेटिव्हने छळलं असेल तर लक्षात ठेवा, त्या विचाराचं एक बीज आपल्याच सह्याद्रीच्या पायथ्याशी रुजलं होतं.

आता मुद्द्यावर येतो. गोलाध्यायात यंत्राध्याय नावाचं एक प्रकरण आहे. वेळ मोजायची आणि आकाश मोजायची यंत्रं त्यात दिली आहेत. शंकू म्हणजे उभी काठी, तिच्या सावलीवरून वेळ. चक्रयंत्र म्हणजे अंशांच्या खुणा केलेलं वर्तुळ, ते सूर्याकडे धरायचं. फलकयंत्र ही फळी त्यांची स्वतःची रचना, सूर्याची उंची घेऊन तिच्यावर वेळ काढायची. ही सगळी यंत्रं एका अर्थाने सोलरच की! फक्त ढग आले की बंद.

ढगाळ दिवसासाठी आणि रात्रीसाठी होती घटिका. तांब्याची अर्ध्या घड्यासारखी वाटी, तळाला भोक, ती पाण्यावर सोडायची. हळूहळू पाणी आत शिरतं आणि ती बुडते, की एक घटका झाली. एक घटका म्हणजे आपली 24 मिनिटं, अशा साठ घटकांचा एक दिवस-रात्र. आपण आजही घटकाभर बस म्हणतो, एखाद्याची घटका भरली म्हणतो, ते या वाटीवरूनच.

जुन्या ग्रंथांत या वाटीची मापं दिलेली होती. तांबं किती वजनाचं, भोक पाडायची सुई किती लांब, वगैरे. भास्कराचार्यांना ते पटलं नाही. अशी तंतोतंत वाटी घडवणं अवघड आणि त्या मापांना काही युक्तीही नाही, असं त्यांचं मत. त्यांनी सरळ मार्ग सांगितला. वाटी कशीही करा, भोक चांगलं मोठं ठेवा. मग एका पूर्ण दिवस-रात्रीत ती किती वेळा बुडते ते मोजा. दिवस-रात्रीच्या काळाला त्या संख्येने भागा, की तुमच्या वाटीचं माप मिळालं. वाटी 60 वेळा बुडाली तर एक बुडणं म्हणजे एक घटका. 72 वेळा बुडाली तर एक बुडणं 20 मिनिटांचं. वाटी वाईट नाही, तिचं माप तेवढं माहीत हवं.

हे वाचलं आणि मी खरंच उठून बसलो. मित्रांनो, यालाच आपण लॅबमध्ये कॅलिब्रेशन म्हणतो! यंत्रावर काय लिहिलंय ते नाही, यंत्र प्रत्यक्ष काय करतंय ते बघा आणि ते आकाशाशी ताडून पहा. मी सहा महिन्यांत एकदाही हे केलं नव्हतं. डबीवरचं वाचलं आणि विश्वास ठेवला.

लीलावतीची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक असेल. मुलीच्या लग्नाचा मुहूर्त साधायला भास्कराचार्यांनी घटिका लावली, ती वाकून बघत असताना तिच्या दागिन्यातला मोती वाटीत पडला, भोक बुजलं, वाटी बुडलीच नाही आणि मुहूर्त टळला. ही कथा भास्कराचार्यांच्या स्वतःच्या लिखाणात नाही. अकबराच्या दरबारातल्या फैजीने 1587 मध्ये लीलावतीचं फारसी भाषांतर केलं, त्यात ती येते. म्हणजे खरी असेलच असं नाही. पण मला ती आता फार जवळची वाटते. घड्याळ बंद पडलंय हे दिसत नाही, आपण निवांत बघत बसतो, आणि वेळ निघून जाते!

त्याच प्रकरणात एका चाकाचं वर्णन आहे. पोकळ आऱ्यांमध्ये अर्धा पारा भरायचा, तोंडं बंद करायची, की चाक आपोआप फिरत राहील. ते फिरणार नाही हे आपल्याला आज थर्मोडायनॅमिक्समुळे माहीत आहे. बाहेरून ऊर्जा आल्याशिवाय काहीच कायम चालत नाही. माझं घड्याळही आपोआप चालत नाही, खोलीतल्या प्रकाशावर चालतं. थोर माणसाचीही एखादी कल्पना चुकू शकते, हे लिहायला मला काही संकोच वाटत नाही. त्यांनीही आधीच्या आचार्यांचं न पटलेलं स्पष्टपणे लिहिलं होतंच की.

यंत्रांच्या यादीत शेवटी त्यांनी एक यंत्र ठेवलंय, धीयंत्र, म्हणजे बुद्धी. हातात साधी काठी असली तरी बुद्धीच्या जोरावर झाडाची उंची, लांबचं अंतर मोजता येतं, असं ते उदाहरणं देऊन दाखवतात. बाकी सगळ्या यंत्रांपेक्षा त्यांनी हेच श्रेष्ठ मानलं. ते यंत्र माझ्याकडेही होतं, पण त्या सकाळी टपरीवर ते बंद होतं.

एकोणसत्तराव्या वर्षी, इ.स. 1183 च्या सुमारास, त्यांनी ‘करणकुतूहल’ हा पंचांगाच्या गणिताला सोपा पडेल असा ग्रंथ लिहिला. त्या वयातही लोकांचं गणित सोपं करायची हौस! त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तेराव्या शतकाच्या सुरुवातीला पाटणला मठ काढला. तसा शिलालेखच तिथे आहे, आणि त्याच्या शेवटच्या ओळी त्या काळच्या मराठीत आहेत. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला.

परीक्षेनंतर मी एक प्रयोग केला. होस्टेलच्या गच्चीवर एक काठी उभी केली आणि सावली सगळ्यात लहान कधी होते ते बघितलं. आपली प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची, आणि वाडी साधारण 79 अंशांवर. साडेतीन अंश गुणिले चार, म्हणजे आपल्या डोक्यावर सूर्य सरासरी 14 मिनिटं उशिरा येतो. त्यातही वर्षभर फरक पडतो. फेब्रुवारीत बारा अठ्ठावीसच्या आसपास, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला बाराला दोन मिनिटं कमी असताना. याचं कारण सूर्याची गती एकसारखी दिसत नाही आणि त्याचा मार्ग तिरका आहे. गावागावातला वेळेचा फरक आणि तिरक्या मार्गामुळे येणारा फरक, दोन्हीची दुरुस्ती भास्कराचार्यांच्या ग्रहगणितात आहे. काठीने मला सेकंद सांगितले नाहीत, पण वेळ येते कुठून ते सांगितलं.

घड्याळ मी टाकून दिलेलं नाही, अजून वापरतो. चांगलं आहे, उन्हात ठेवायचीही गरज पडत नाही. फक्त आता दर महिन्याच्या एक तारखेला ते प्रमाणवेळेशी लावून बघतो आणि किती सेकंद मागे पडलं ते वहीत लिहितो. दोन, अडीच, असे आकडे दर आठवड्यात किती होतात तेही आता पाठ झालंय. माझ्या वाटीचं माप मला कळलंय. पुढची लेखी परीक्षा मार्चमध्ये आहे. चहा आधी पिणार, आणि दारापाशी पंधरा मिनिटं अगोदर उभा राहणार!

(तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स)