डॉ. केसकर आणि नभोवाणीचे घड्याळ

डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे देशाचे माहिती व नभोवाणी मंत्री होते. या खात्यावर इतका दीर्घकाळ अन्य कोणी राहिले नाही. तरीही लोकांच्या स्मरणात ते उरले, ते चित्रपटगीते आकाशवाणीवरून हद्दपार करणारे मंत्री म्हणूनच.

१९०३मध्ये पुण्यात जन्मलेल्या केसकरांनी असहकाराच्या लाटेत शिक्षण सोडले, पुढे काशी विद्यापीठाशी ते जोडले गेले आणि पॅरिसच्या सॉर्बोनमधून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. धृपद गायकीची रीतसर तालीम त्यांनी घेतली होती. राजकारणातील माणसाच्या अंगी हा गुण दुर्मिळच म्हणायचा. त्यांचे पुढचे बरेचसे निर्णय याच तालमीतून आले.

संस्थाने विलीन झाल्यावर दरबारी गवई निराधार झाले होते. त्यांना आकाशवाणीने आश्रय द्यावा, असा केसकरांचा आग्रह होता. १९५२मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला; शनिवारी रात्री तब्बल दीड तास एकाच कलावंतासाठी राखून ठेवला जाई. १९५४पासून रेडिओ संगीत संमेलन भरू लागले. रागाची बढत निवांत वेळ मागते, आणि तो वेळ देणारा मंत्री खात्याला लाभला होता.

चित्रपटगीतांबाबत मात्र त्यांची भूमिका कठोर होती. या गाण्यांचा वाटा त्यांनी घटवला. गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे फुकटची जाहिरात, म्हणून तेही बंद झाले. निर्मात्यांनी चिडून प्रक्षेपणाची परवानगीच काढून घेतली. श्रोत्यांनी रेडिओचा काटा सिलोनकडे वळवला. युद्धकाळात उभारलेल्या तिथल्या शक्तिशाली प्रक्षेपकाचा आवाज भारतभर स्वच्छ ऐकू येई. १९५२च्या डिसेंबरात टूथपेस्टच्या एका कंपनीने प्रायोजित केलेली बिनाका गीतमाला तिथून सुरू झाली आणि अमीन सयानी घराघरात पोहोचले.

येथे गाण्याचा धनी बदलला. सिलोनवरचा वेळ विकत घेतलेला होता. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू साधारण सव्वातीन मिनिटांची. अर्ध्या तासात सात गाणी म्हणजे पावणेतेवीस मिनिटे. उरलेल्या सव्वासात मिनिटांत जाहिरात, निवेदन आणि श्रोत्यांची पत्रे बसवायची. पडद्यावरचे एखादे कडवे तबकडीतच गळालेले असे. प्रायोजित वेळेत गाण्याच्या आधीचा आणि मधला वाद्यमेळही मग ओझे ठरू लागतो. श्रोता हातचा जाऊ नये म्हणून मुखडा शक्य तितका लवकर यावा लागतो.

केसकरांच्याच कारकिर्दीत, १९५५मध्ये, पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झाले. माडगूळकर-फडके जोडीची छप्पन्न गीते, आठवड्याला एक या क्रमाने, वर्षभर चालली. प्रसंगाला हवी तेवढी कडवी कवीने लिहावीत, संगीतकाराने ती सावकाश बांधावीत, ही सोय प्रायोजकाच्या खिशावर चालणाऱ्या केंद्राला परवडली असती का, याची शंकाच आहे.

तरी श्रोत्यांची अभिरुची हुकुमाने घडवता येते, असे मानण्यात त्यांची चूक झाली. १९५७च्या ऑक्टोबरात विविध भारती काढून आकाशवाणीला चित्रपटगीतांसाठी दार उघडावे लागले. तोवर बरेच श्रोते सिलोनचे झाले होते, आणि त्यांच्यासोबत जाहिरातदारही. बाजाराला दूर ठेवण्याच्या हट्टातून बाजाराची नभोवाणीच बळकट झाली.

१९६२च्या निवडणुकीत केसकर पराभूत झाले. पुढे दशकभर ते नॅशनल बुक ट्रस्टचे अध्यक्ष होते. भारतीय संगीताच्या प्रश्नांवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९६७मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाले. योगायोग असा की त्याच वर्षी १ नोव्हेंबरला विविध भारतीच्या मुंबई, पुणे व नागपूर केंद्रांवर जाहिराती सुरू झाल्या. नंतर आले पंधरा मिनिटांचे प्रायोजित चित्रपट कार्यक्रम. एक मुखडा, दोन संवाद, पुन्हा अर्धे कडवे आणि निवेदकाची उत्कंठा वाढवणारी हाक, अशी त्यांची जुळणी असे. पूर्ण गाणे ऐकवणे हा त्यांचा हेतूच नव्हता. ते ऐकायला श्रोत्याने तिकीट काढावे, एवढीच अपेक्षा होती.

१९८४च्या ऑगस्टमध्ये केसकरांचे निधन झाले. त्याच्या जेमतेम दोन महिने आधी, ७ जुलैला, दूरदर्शनवर हमलोग ही प्रायोजित मालिका सुरू झाली होती.