रूळ, जहाज, विमान आणि गिअरबॉक्स : सोलापूरचे वालचंद

इंजिनिअरिंगला आल्यावर वालचंद हे नाव आपल्या कानांवरून किती वेळा जातं! सांगलीचं वालचंद कॉलेज, सोलापुरात १९८३ साली सुरू झालेली वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर. पण हा माणूस कोण, असं विचारलं तर आपल्यापैकी बरेच जण 'मोठे उद्योगपती होते' एवढं सांगून मोकळे होतात. ऑटोमोबाईलच्या पेपरला आपण क्लच, गिअरबॉक्स, टॉर्क कन्व्हर्टर यांच्या आकृत्या काढून मार्क मिळवतो. या वस्तू आपल्या देशात बनाव्यात म्हणून सोलापूरच्या एका माणसाने किती वर्षं डोकेफोड केली, हे मात्र सिलॅबसमध्ये नसतं. म्हणून हा लेख.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात एका गुजराती जैन कुटुंबात झाला. वडील हिराचंद नेमचंद यांचा कापसाचा व्यापार आणि सावकारी. मुंबईचं सेंट झेवियर्स, पुण्याचं डेक्कन कॉलेज अशी दोन नामांकित कॉलेजं वालचंदांनी पाहिली, पण पदवी काही हाती लागली नाही. घरच्या पेढीवर बसले, तर तिथेही मन रमेना. गादीवर बसून व्याज मोजण्यापेक्षा काहीतरी उभं करावं, हा त्यांचा पिंड.

संधी चालून आली ती लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्या रूपाने. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते. त्यांना कामाची माहिती, वालचंदांकडे भांडवल आणि धडाडी. दोघांनी भागीदारी केली आणि आपल्या जिल्ह्यातल्या बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी ते तडवळे या टप्प्याचं कंत्राट घेतलं. अवघ्या अडीच फुटांच्या नॅरोगेज रुळांचं काम! पण मुरूम, खडी, मजूर आणि मुदत यांचं गणित कसं बसवायचं, हे वालचंद तिथे शिकले. पुढे बोरघाटातले बोगदे, सिंधू नदीवरचा कालाबागचा पूल अशी मोठमोठी कामं त्यांच्या कंपन्यांनी केली. आजची हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी हे त्याच रोपट्याचं झाड.

१९१९ साली त्यांनी जहाजाच्या धंद्यात उडी घेतली. नरोत्तम मोरारजी आणि इतर सहकाऱ्यांबरोबर सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली आणि ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं 'लॉयल्टी' हे जहाज विकत घेतलं. जहाज काही नवं नव्हतं. १८९० च्या सुमारास कॅनडियन पॅसिफिक कंपनीसाठी बांधलेलं, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांचं धूड! ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनकडे निघालं. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ब्रिटिश कंपन्यांनी भाड्याचे दर पाडून सिंदियाला जेरीस आणलं आणि १९२३ मध्ये करार करून तिला किनारपट्टीच्या वाहतुकीपुरतं मर्यादित ठेवलं. तरी कंपनी टिकली. आणि वालचंदांच्या एक गोष्ट लक्षात आली. जहाज विकत घेणं सोपं, पण बांधण्याची गोदी आपल्याकडे नसेल तर आपण कायमचे गिऱ्हाईक. १९४१ साली विशाखापट्टणमला गोदीचा पाया घातला गेला आणि १४ मार्च १९४८ रोजी तिथून 'जलउषा' पाण्यात उतरलं.

विमानाचीही तीच कथा. १९३९ साली अमेरिकेच्या दौऱ्यावरून परतताना प्रवासात त्यांची विल्यम पॉली या विमान उद्योगातल्या अमेरिकन माणसाशी गाठ पडली. गप्पांतून योजना निघाली आणि डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. पण युद्ध भडकलं. १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. नंतर हा कारखाना अमेरिकन हवाई दलाच्या विमानांच्या दुरुस्तीचं मोठं केंद्र बनला. म्हणजे विमानं बनवायला काढलेल्या कारखान्यात विमानं उघडून पुन्हा जोडण्याचं काम सुरू झालं. वरवर पाहता हे पीछेहाट वाटेल. पण शेकडो कामगार विमानाचं पोट आतून ओळखायला शिकले, ही कमाई काही थोडी नव्हे. याच कंपनीत डॉ. विष्णु माधव घाटगे या मराठी अभियंत्याच्या हाताखाली एचटी-२ हे शिकाऊ विमान तयार झालं आणि १९५१ मध्ये उडालं.

आता वळू आपल्या विषयाकडे, म्हणजे मोटारीकडे. भारतात मोटार बनवावी ही योजना सर विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकात मांडली होती आणि वालचंदांनी ती उचलून धरली. त्या वेळी परदेशी कंपन्या इथे गाड्या 'बनवत' म्हणजे काय करत? परदेशातून आलेली खोकी उघडायची, भाग जोडायचे, रंग द्यायचा, की झाली गाडी तयार. जनरल मोटर्सचं असं काम मुंबईत १९२८ पासून चालू होतं. फोर्डबरोबर वालचंदांची बोलणी फिसकटली, तेव्हा त्यांनी क्रायस्लरशी करार केला. युद्धकाळात इंग्रज सरकारने या कारखान्याला साथ दिली नाही. शेवटी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, डिसोटो, प्लिमथ गाड्या आणि डॉज व फार्गो ट्रक बाहेर पडू लागले. सुरुवातीला इथेही जोडकामच होतं. पण १९४९ पासून प्रीमियरने सुटे भाग स्वतः बनवायला हात घातला. खरा फरक इथे पडतो.

कसा, ते गिअरबॉक्सच्या उदाहरणावरून पाहू. जुन्या फार्गोसारखा ट्रक पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या गिअरमध्ये आवाज करतो आणि टॉपला टाकला की आवाज जवळजवळ बंद होतो. जाणता मिस्त्री गिअरबॉक्स न उघडता सांगेल की लेशाफ्टचं बेअरिंग गेलं असणार. कारण टॉपमध्ये शक्ती इनपुट शाफ्टवरून थेट आउटपुटला जाते, लेशाफ्टवर लोड येतच नाही. गिअर आपोआप सुटत असेल तर लॉकची स्प्रिंग, फोर्क किंवा दाते झिजलेले. निदान झालं. पण पुढे काय? बेअरिंग, दाते कापलेलं नवं चाक, कडक केलेला शाफ्ट बोटीने यायची वाट पाहायची असेल, तर मिस्त्रीचं ज्ञान असून नसून सारखंच.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तर हे आणखी तीव्र होतं. जर्मनीच्या हर्मन फॉटिंगरने १९०५ मध्ये तेलातून शक्ती पुढे नेण्याची युक्ती काढली. क्रायस्लरने १९३९ च्या मॉडेलपासून तेलाचं कपलिंग गाड्यांत आणलं आणि १९५० मध्ये डॉजच्या पिकअपमध्येही ते मिळू लागलं. काही वर्षांत पिकअपला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही आला. अशा जुन्या पिकअपची तपासणी सुरू होते तेलापासून. तेल तांबूस आणि स्वच्छ असेल तर ठीक. काळपट होऊन जळका वास येत असेल तर आतल्या क्लच प्लेटा जळाल्या. सगळ्याच गिअरमध्ये गाडी घसरत असेल तर तेलाची पातळी, फिल्टर आणि पंप पाहायचा. एकाच गिअरमध्ये घसरत असेल तर त्या गिअरचा क्लच किंवा बँड. गिअर टाकल्यावर गाडी उशिरा उचलत असेल तर रबरी सील कडक झालेली असण्याचा संभव. प्रेशर गेज लावून खात्री करायची आणि मगच खोलायचं. पुन्हा जोडताना प्लेटांमधली फट फीलर गेजने मोजायची, नवी सील टाकायची, कूलर धुऊन घ्यायचा. मिलिमीटरच्या अंशात चूक झाली तरी सगळी मेहनत पाण्यात! ती फट किती हवी, धातू कोणता, कडकपणा किती, हे ज्याने वस्तू बनवली त्याला माहीत असतं. नुसती खोकी उघडणाऱ्याला नाही. वालचंदांचा आग्रह याचसाठी होता.

१९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, १९५० मध्ये ते कामातून निवृत्त झाले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूर इथे त्यांचं निधन झालं. अखेरच्या काळात पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची सेवा केली. त्याच १९५३ साली टॅरिफ कमिशनने नुसत्या जोडकामावर थांबणाऱ्या कंपन्यांना दार बंद करण्याची शिफारस केली आणि जनरल मोटर्स व फोर्ड यांनी इथून गाशा गुंडाळला. वालचंदांची बाजू सरकारी धोरण बनली, पण ते पाहायला ते राहिले नव्हते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. सरकारी संरक्षण मिळालं आणि पुढे प्रीमियरने फियाटचं तेच डिझाइन दशकानुदशके चालवलं. गिऱ्हाईक वर्षानुवर्षं नंबर लावून बसलं. नव्या गाड्या आल्यावर मात्र प्रीमियर मागे पडली. म्हणजे बनवता येणं ही पहिली पायरी, स्वतः नवं डिझाइन करणं ही दुसरी. ती आपण फार उशिरा चढलो.

पण पहिल्या पायरीची किंमत कमी समजू नका. प्रीमियर पद्मिनीची शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये, उत्पादन थांबून वीसेक वर्षं झाल्यावर. वयाची मर्यादा आडवी आली म्हणून ती थांबली, पार्ट मिळेना किंवा मिस्त्री सापडेना म्हणून नव्हे. ऑटोमोबाईल लॅबमध्ये कापून ठेवलेला गिअरबॉक्स दिसला की व्हायवापुरतं नाव पाठ करून पुढे जाऊ नका. परवानगी घ्या, हात काळे करा, खोला आणि पुन्हा जोडून बघा. शिल्लक राहिलेला नट कुठला, हे कळेपर्यंत!