ओझे, तार आणि रॉबर्ट हूक

ओझ्याने माणूस वाकतो हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे, कारण माझे वडील हमाली करतात. ओझ्याने पोलादी तारही लांबते आणि ती किती लांबेल हे आधीच सांगता येते, हे मात्र अकरावीच्या प्रयोगशाळेत कळले. पुढे मी कला शाखेकडे वळलो. घरातून कॉलेजात येणारा मी पहिलाच. पण तो नियम शोधणारा रॉबर्ट हूक मनातून गेला नाही.

हूकचा जन्म १६३५ साली इंग्लंडमधील वाइट बेटावर, एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. तेराव्या वर्षी वडील वारले आणि हा मुलगा लंडनला आला. पुढे ऑक्सफर्डला असताना तो रॉबर्ट बॉइलचा मदतनीस झाला व त्याच्यासाठी त्याने हवेचा पंप बनविला. १६६२ मध्ये रॉयल सोसायटीत प्रयोग करून दाखविण्याचे काम त्याच्याकडे आले.

तारेचा नियम त्याने १६७६ मध्ये छापला, पण अक्षरांची उलटापालट करून! उलगडा केला तो १६७८ मध्ये. प्रयोग अगदी साधा. वीस ते चाळीस फूट लांबीची तार खिळ्याला टांगायची, खाली पारडे बांधायचे, एकेक वजन टाकायचे आणि पारडे जमिनीच्या किती जवळ आले ते मोजायचे. वजन दुप्पट, तर वाढही दुप्पट.

पुढे १८०७ मध्ये थॉमस यंगने त्याला गुणांकाची जोड दिली. आज आपण भाराला तारेच्या लांबीने गुणतो आणि छेदाचे क्षेत्रफळ व यंगचा गुणांक यांच्या गुणाकाराने भागतो. २ मीटर लांब, १ चौरस मिलिमीटर छेदाच्या पोलादी तारेला १० किलो वजन टांगले, तर ती जेमतेम १ मिलिमीटर लांबते. वजन काढले की पूर्ववत होते. मर्यादेपलीकडे ताणली, तर मात्र कायमची लांबलेली राहते.

हूक १७०३ मध्ये लंडनला वारला. त्याचे खात्रीचे एकही चित्र उरलेले नाही. पाठीला बाक होता एवढे ठाऊक आहे. सोळाव्या वर्षापर्यंत ती सरळ होती, लेथवर वाकून काम केल्याने वाकली, असे तो सांगे.

हे वाचले त्या संध्याकाळी वडील कामावरून आले. पोते तर यार्डातच उतरले होते. पाठ मात्र सरळ झाली नव्हती.