शोकातून उभे राहिलेले घर

मेहकर तालुक्यातील आमच्या मंडळ्यांत ज्या घरावर मरणाचा घाला पडला असेल, त्या घरच्यांसाठी आम्ही पंडिता रमाबाईंचे चरित्र थोडक्यात देतो.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. संस्कृत त्या आपल्या मातोश्रींपाशी शिकल्या. पुढे दुष्काळात अन्नावाचून आईबाप गेले. पोरकी भावंडे पायी देशभर हिंडली. १८८० साली बंधू श्रीनिवास वारले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी रमाबाईंचा विवाह झाला. पण १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने तेही गेले. वय तेवीस, पदरी तान्ही मनोरमा!

अशा वेळी परक्यांनी हात दिला. इंग्लंडात वाँटेज येथील भगिनींनी मायलेकींस आश्रय दिला. तेथेच १८८३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८७ साली अमेरिकेतील मित्रांनी दहा वर्षे साह्य करण्याचे पत्करिले. त्या बळावर १८८९ साली मुंबईत शारदासदन उघडले. १८९६-९७ च्या दुष्काळात आमच्या वऱ्हाडालगतच्या मध्यप्रांतातून त्यांनी सुमारे ३०० मुली व विधवा आणिल्या. भूक म्हणजे काय, हे त्यांस कोणी सांगावे लागले नाही. केडगावी त्या निराश्रितांचे घर झाले.

१९२१ साली मनोरमाबाईही निवर्तल्या. तरी रमाबाईंनी बायबलाचे भाषांतर सोडिले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा अंत झाला.

त्यांचे दुःख कोणी काढून घेतले नाही. ते वाहावयास मात्र सोबती मिळाले, आणि पुढे त्या स्वतः अनेकींच्या सोबती झाल्या. बंधुभगिनींनो, शोकाच्या घरी उपदेश मागाहून न्यावा. आधी पायलीभर ज्वारी न्यावी व जवळ बसावे.