यंत्राची पारख : लक्ष्मणराव किर्लोस्कर

प्रास्ताविक

वाराणसीच्या घाटांवर पहाटे उभे राहिले, की वल्ह्यांच्या आवाजाबरोबर यांत्रिक नावांचा एकसुरी आवाजही कानी पडतो. या नावांवर अनेक वर्षे लहान डिझेल इंजिने बसवलेली असत. २०२१ पासून त्यांतील पुष्कळ नावा सीएनजी या वायुरूप इंधनाकडे वळल्या. शहराबाहेर गेल्यास तशाच जातीची इंजिने शेतांच्या बांधावर दिसतात. गंगेच्या गाळाच्या जमिनीत घेतलेल्या कूपनलिकांतून ती पाणी उपसतात. भारतातील शेतकऱ्याने आणि नावाड्याने यंत्र आपलेसे केले, ही गोष्ट सहजासहजी घडलेली नाही. त्यासाठी आधी यंत्रावर विश्वास बसावा लागला आणि ते निगुतीने सांभाळण्याची सवय लागावी लागली. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या सीमाभागात हे काम ज्यांनी आरंभिले, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचा परिचय आपण या पाठात करून घेणार आहोत.

रंगांनी सोडलेली साथ

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. घरात विद्येला मान होता. पण लक्ष्मणरावांचे मन शाळेच्या पाठांतरात रमत नसे. चित्रे काढणे आणि एखादी वस्तू खोलून तिच्या आत काय आहे ते पाहणे, हे त्यांचे दोन छंद होते. या दोन्ही गोष्टींनी पोट भरेल, असे त्या काळी कोणालाही वाटत नव्हते. तरीही वडीलबंधू रामूअण्णा यांच्या पाठिंब्यावर ते १८८५ मध्ये मुंबईस गेले आणि जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तेथे एक अनपेक्षित अडचण उभी राहिली. काही रंगांतील भेद आपल्या डोळ्यांना कळत नाहीत, हे त्यांच्या ध्यानी आले. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणाला याहून मोठा धक्का कोणता असणार? परंतु रंग गेले, तरी रेषा शिल्लक होती. लक्ष्मणरावांनी यंत्रांची चित्रे काढण्याच्या, म्हणजे यांत्रिक आरेखनाच्या अभ्यासाकडे लक्ष वळवले. या कौशल्यामुळे त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये साहाय्यक शिक्षकाची नोकरी मिळाली. १८८७ मध्ये स्थापन झालेली ही संस्था तेव्हा अगदी नवी होती.

कागदावर यंत्राचा भाग रेखाटायचा, तर तो भाग कशासाठी आहे आणि कोणत्या भागाशी जोडलेला आहे, हे ठाऊक असावे लागते. लक्ष्मणरावांनी संस्थेच्या कार्यशाळेत प्रत्यक्ष यंत्रे पाहिली, हाताळली आणि त्यांचे मर्म जाणून घेतले. ते अभियंत्याची पदवी घेतलेले नव्हते. त्यांचे शिक्षण डोळ्यांनी आणि हातांनी झाले.

सायकलीचे दुकान

त्या काळी सायकल हे नवलाचे वाहन होते. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकल चालवण्याचा अनुभव घेतला आणि तिच्यात व्यवसायाची संधी आहे हे ओळखले. १८८८ मध्ये दोघा भावांनी सायकलींचा व्यवसाय सुरू केला. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली खरेदी करून पाठवत आणि रामूअण्णा त्या बेळगावात विकत. ग्राहकाला ती चालवायलाही शिकवत. पुढे किर्लोस्कर उद्योगसमूहाचा आरंभ याच वर्षापासून मोजला जाऊ लागला. बेळगावातील एका रस्त्याला आजही किर्लोस्कर मार्ग असे नाव आहे.

इकडे मुंबईत लक्ष्मणरावांच्या हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली. परकीय सत्तेखाली गुणापेक्षा वंश मोठा ठरतो, हा अनुभव त्यांच्या जिव्हारी लागला. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावची वाट धरली. संसार असलेल्या माणसाने सरकारमान्य संस्थेतील पगार सोडून दुकानावर विसंबावे, हा निर्णय धाडसाचा होता.

सायकल विकणाऱ्याला ती दुरुस्तही करून द्यावी लागते. फिरत्या भागांना तेलपाणी करणे, झिजलेला भाग वेळीच बदलणे, साखळीचा ताण नीट बसवणे ही कामे वरवर किरकोळ दिसतात. परंतु यंत्राची बहुतेक मोठी मोडतोड लहान दुर्लक्षातूनच सुरू होते. दुरुस्ती करणाऱ्याला यंत्राचे दुखणे कळते, आणि ज्याला दुखणे कळते तोच पुढे अधिक चांगले यंत्र घडवू शकतो. सायकलीपासून स्वतःच्या कारखान्यापर्यंतचा लक्ष्मणरावांचा प्रवास पाहिला, की याची खात्री पटते.

लोखंडी नांगर

बेळगावात लक्ष्मणरावांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. अख्खी कडब्याची पेंढी गुरांपुढे टाकली, तर बराच चारा पायदळी जाऊन वाया जातो. कापून टाकला तर तो पुरवून वापरता येतो. दुष्काळाची धास्ती असलेल्या प्रदेशात या साध्या यंत्राचे मोल मोठे होते.

त्यानंतर १९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर बनवला. लाकडी नांगराने माती वरवर उकरली जाई. लोखंडी नांगर ती खोलवर फोडून उलथी करत असे. फायदा उघड होता, तरीही नांगर विकला जाईना. लोखंडाच्या स्पर्शाने जमीन नासते, तिला विष चढते, असा समज शेतकऱ्यांमध्ये रूढ होता. पहिले नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली.

या नकाराला केवळ अडाणीपणा म्हणून हसणे योग्य होणार नाही. ज्याची सारी मिळकत दोन बैल आणि चार एकर जमीन एवढीच आहे, त्याच्या दृष्टीने एक फसलेला हंगाम म्हणजे कर्जाचा डोंगर असतो. नवे अवजार मोडले तर ते कोण जोडणार, झिजलेला फाळ कोठे मिळणार, हे त्याचे प्रश्न रास्त होते. लक्ष्मणरावांनी वाद घालण्यापेक्षा नांगर प्रत्यक्ष चालवून दाखवण्यावर आणि त्यातील उणिवा दूर करण्यावर भर दिला. हळूहळू मागणी वाढू लागली.

निवडुंगाच्या रानात

धंद्याला बरकत येत असतानाच बेळगाव नगरपालिकेने शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. उभा केलेला व्याप मोडून कोठे न्यावा, असा प्रश्न पडला. अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या मदतीस आले. त्यांनी कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळची बत्तीस एकर पडीक जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले.

ही जमीन म्हणजे निवडुंगाचे रान होते. पाण्याची सोय नव्हती, निवारा नव्हता, साप-विंचवांचा मात्र सुकाळ होता. १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव मोजक्या सहकाऱ्यांसह तेथे आले. रान तोडून कारखाना उभा राहिला आणि त्याच्याभोवती घरे बांधली गेली. हेच आजचे सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी होय. पुढे रेल्वे स्थानकालाही हेच नाव मिळाले. भारतातील सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींमध्ये या गावाची गणना होते.

माणसे निवडताना लक्ष्मणराव प्रशस्तिपत्रके पाहत नसत. शंभोअण्णा जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर, के. के. कुलकर्णी यांच्यासारखे सहकारी त्यांनी अंगच्या गुणांवरून हेरले. वसाहतीत अस्पृश्यता पाळू नये, असा त्यांचा आग्रह होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही त्यांनी विश्वासाने राखणदारीचे काम दिले. बिघडलेले यंत्र टाकून न देता ते दुरुस्त करावे, ही त्यांची वृत्ती माणसांच्या बाबतीतही दिसून येते. पत्नी राधाबाई यांनी या नव्या गावाचा संसार त्यांच्याबरोबरीने सांभाळला.

पहिल्या महायुद्धाच्या काळात परदेशी लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला, तरी कारखाना बंद पडला नाही. दगडी कोळशाच्या जागी लाकडी कोळसा वापरून भट्टी पेटती ठेवली गेली. १९२० मध्ये किर्लोस्कर बंधू ही मर्यादित कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी सुरू केलेले नियतकालिक पुढे 'किर्लोस्कर' मासिक म्हणून महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले.

पंप आणि इंजिन

नांगराने जमीन तयार झाली, पण पाण्याचे काय? विहिरीचे पाणी बैलांच्या मोटेने काढावे लागे. त्यात माणूस आणि बैल दोघेही थकत, आणि भिजणारे क्षेत्र मात्र थोडकेच राही. १९२६ च्या सुमारास किर्लोस्करवाडीत पाणी उपसणारे केंद्रोत्सारी पंप तयार होऊ लागले. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन परतले. ज्या वडिलांनी पदवीविना कारखाना उभारला, त्यांचा मुलगा आता आधुनिक शास्त्र घेऊन आला होता. देशातही यंत्रविद्येच्या शिक्षणाचे वारे वाहू लागले होते. वाराणसीत बनारस हिंदू विद्यापीठाचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९१९ मध्येच सुरू झाले होते.

पंप फिरवायचा तर शक्ती हवी. खेड्यांत वीज नव्हती. म्हणून इंजिनाची गरज निर्माण झाली. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी शंतनुरावांच्या नेतृत्वाखाली स्थापन झाली. लक्ष्मणराव तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचे होते. लहान डिझेल इंजिन आणि पंप यांची जोडी पुढील काळात गावोगावी पोहोचली आणि अनेक मळ्यांतील मोटा थांबल्या.

इंजिनाची निगा आणि सुरक्षितता

नांगर मोडला तर एक दिवस वाया जातो. इंजिनाशी हयगय केली तर जीव जाऊ शकतो. म्हणून येथे थोडे थांबून इंजिनाचा स्वभाव समजून घेऊ.

पेट्रोल इंजिनात इंधन आणि हवा यांचे मिश्रण प्लगच्या ठिणगीने पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली गेल्याने इतकी तापते, की आत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. पेट्रोलची वाफ साध्या तापमानालाही तयार होते आणि जमिनीलगत पसरते. त्यामुळे पेट्रोल इंजिन चालू किंवा गरम असताना टाकीत इंधन ओतू नये, आणि जवळ विडी, कंदील किंवा चूल असू नये. दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी प्लगची तार काढून बाजूला ठेवावी. नाहीतर चाक हाताने फिरवतानाही इंजिन अचानक सुरू होण्याचा संभव असतो. इंजिन निवल्यावरच तेल बदलावे. फिरत्या पट्ट्याजवळ धोतराचा सोगा, पदर किंवा मोकळे केस जाऊ देऊ नयेत, आणि पट्ट्यावरील जाळी काढून ठेवू नये.

सर्वांत मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. पंप पाणी खालून ओढतो ते हवेच्या दाबामुळे. ही ओढ प्रत्यक्षात सुमारे सात मीटरच्या आतच नीट चालते. दख्खनच्या खोल विहिरींत पाणी याहून खाली जाते. अशा वेळी इंजिन आणि पंप विहिरीच्या आत, कठड्यावर बसवण्याची पद्धत पडली. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला रंग नसतो, वासही नसतो. विहिरीत किंवा बंद खोलीत तो साचतो आणि आत उतरलेल्या माणसाची शुद्ध हरपते. त्याला वाचवायला धावलेला दुसराही तेथेच कोसळतो. म्हणून धुराची नळी मोकळ्या हवेत आणून सोडावी, इंजिन बंद करून हवा खेळू द्यावी आणि मगच खाली उतरावे. आत कोणी बेशुद्ध पडलेला दिसला, तर एकट्याने उडी न घेता आधी इतरांना बोलवावे.

तेलाची पातळी रोज पाहणे, हवेची गाळणी स्वच्छ ठेवणे आणि थंडाव्याचे पाणी कमी होऊ न देणे एवढी निगा राखली, तरी इंजिन वर्षानुवर्षे साथ देते. ही शिस्त कोणत्याही कायद्यापेक्षा सवयीतून येते.

उत्तरायुष्य

किर्लोस्करवाडीपासून हरिहर, बंगळूर आणि पुणे येथपर्यंत विस्तारलेले कारखाने लक्ष्मणरावांनी डोळे भरून पाहिले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, २० जून १९६९ रोजी, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

रंग न ओळखणाऱ्या डोळ्यांनी लक्ष्मणरावांनी यंत्राचे अंतरंग ओळखले. पारख असणे म्हणजे केवळ चांगले आणि वाईट वेगळे करणे नव्हे; जे बिघडले आहे ते का बिघडले हे समजून घेऊन पुन्हा कामाला लावणे, हीही पारखच होय. आज गावातील चौकात इंजिन खोलून बसलेला मिस्त्री, काशीच्या घाटावर नावेचे यंत्र तपासणारा नावाडी आणि मळ्यात पंप सुरू करणारी शेतकरी स्त्री हे सारे त्याच परंपरेचे वारसदार आहेत. आपले हात कुशल असावेत आणि सावधही असावेत, एवढा बोध आपण या चरित्रातून घेऊ या.

स्वाध्याय

१. लक्ष्मणरावांनी चित्रकलेकडून यांत्रिक आरेखनाकडे वळण्याचे कारण लिहा.
२. शेतकऱ्यांनी सुरुवातीला लोखंडी नांगर का नाकारला? त्यांच्या शंका तुम्हाला रास्त वाटतात का? तुमचे मत सकारण सांगा.
३. पेट्रोल इंजिन आणि डिझेल इंजिन यांतील मुख्य फरक स्पष्ट करा.
४. विहिरीत बसवलेले इंजिन धोकादायक का ठरते? हा धोका टाळण्याचे उपाय लिहा.
५. तुमच्या परिसरातील एखाद्या यंत्र दुरुस्त करणाऱ्या कारागिराला भेटा. तो काम करताना कोणती काळजी घेतो, याविषयी दहा ओळी लिहा.